बसायची जागा कोणाची?

मराठीत ‘सामान रस्त्यावर आले’ असे म्हटले की डोळ्यांसमोर येते ते घर मोडलेले कुटुंब. गाद्यांच्या वळकट्या, भांड्यांचे पोते, देव्हारा, एखादे शिवणयंत्र. सामान घरात असायचे आणि रस्त्यावरून नुसते जायचे, हा समज आपल्या भाषेत मुरलेला आहे. महापालिकांच्या निविदांत ज्याला ‘स्ट्रीट फर्निचर’ म्हणतात, त्याला आपल्याकडे रुळलेला शब्द नाही तो बहुधा यामुळेच. या लेखात मी ‘रस्त्यावरचे सामान’ हाच साधा शब्द वापरणार आहे. त्यात बाक, बसथांबे, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे, पाणपोया, स्वच्छतागृहे, झाडांभोवतीचे पार आणि दुचाक्या अडवायला पदपथावर रोवलेले बुटके खांब येतात. जाहिरातींचे फलकही येतात, कारण या सगळ्या सामानात सर्वांत जागा खाणारी वस्तू तीच आहे.

या सामानावर गेल्या दहा वर्षांत बराच पैसा खर्च झाला. केंद्र सरकारची स्मार्ट सिटी योजना २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. शंभर शहरे त्यात होती, महाराष्ट्रातली पुणे, सोलापूर, नागपूर, नाशिक, ठाणे यांसारखी शहरेही होती. ३१ मार्च २०२५ रोजी योजनेची मुदत संपली. मुंबई या योजनेत नव्हती, पण तिथेही २०२३ साली महापालिकेच्या सुमारे २६३ कोटी रुपयांच्या स्ट्रीट फर्निचर खरेदीवरून मोठा वाद झाला. चर्चा झाली ती दरांची आणि कंत्राटाची. ती व्हायलाच हवी होती. पण हे बाक कोणाच्या मापाने घडवायचे, कुठे ठेवायचे, आणि त्यावर कोणी किती वेळ बसलेले आपल्याला चालणार आहे, हे प्रश्न त्या गदारोळात माझ्या तरी वाचनात आले नाहीत.

आपण कादंबरीची समीक्षा करतो, नाटकाची करतो, क्वचित इमारतीचीही करतो. बाकाची करत नाही. खरे तर कादंबरी न वाचता माणूस जगू शकतो. रस्त्यावर एकदाही न टेकता म्हातारपण काढणे अवघड आहे. म्हणून या सामानाची समीक्षा करण्याचा हा प्रयत्न. माझी कसोटी एकच आहे: ही वस्तू कोणाला थांबू देते आणि कोणाला पुढे हाकलते?

पार, पाणपोई आणि गॅसचा दिवा

थांबण्याची सोय ही काही आपण परदेशातून आणलेली कल्पना नव्हे. गावात पार होता, चावडी होती, घरापुढे ओटा होता. ओटा ही तर फार हुशारीची रचना. जमीन घराची, पण बसणारा रस्त्यावरचा. शहरात वाडे पडून इमारती आल्या, कुंपणाच्या भिंती आल्या, आणि ओट्याची जागा ‘येथे बसू नये’ या पाटीने घेतली. कट्टा मात्र तग धरून राहिला. तो कोणी बांधला असे सांगता येत नाही. लोक बसतात म्हणून तो कट्टा.

पेशवाईतल्या पुण्यात रस्त्यावरचे सर्वांत महत्त्वाचे सामान म्हणजे हौद. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावांतून पाणी शहरात आणले गेले आणि ठिकठिकाणच्या हौदांतून लोक ते भरू लागले. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत तेच काम प्याऊंनी केले. व्यापाऱ्यांनी आपल्या वडिलांच्या, मुलाच्या, पत्नीच्या स्मरणार्थ दगडी पाणपोया बांधल्या. मशीद बंदर भागातला केशवजी नाईक यांचा प्याऊ १८७६ चा. फोर्टातले रतनसी मुळजी जेठा कारंजे १८९० च्या दशकातले. त्याचे वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, म्हणजे बोरीबंदरचे स्थानक उभारणारेच. अनेक प्याऊंना माणसांसाठी वर तोटी आणि गाडीच्या बैलाघोड्यांसाठी खाली कुंडी असे. थांबणाऱ्यांत जनावरही मोजलेले होते. पुढे नळ बंद पडले, काही प्याऊंच्या आडोशाला दुकाने आली, काही रंगाखाली दडले. अलीकडे राहुल चेंबूरकर यांच्यासारख्या वास्तुसंवर्धकांनी त्यांतल्या काहींना पुन्हा उभे केले. इथे कसोटी सोपी आहे. दगड स्वच्छ झाला हा जीर्णोद्धाराचा अर्धा भाग, तोटीला पाणी आले हा उरलेला अर्धा.

या प्याऊंवर दात्यांची नावे कोरलेली आहेत हेही सांगितले पाहिजे. आपल्या नगरसेवकांच्या नावांनी रंगवलेल्या बाकांना आपण हसतो, तेव्हा ‘पूर्वीचे लोक नावासाठी करत नसत’ असे म्हणण्यात अर्थ नाही. करत असत. फरक इतकाच की दाता स्वतःच्या पैशाने बांधायचा. आजच्या बाकावर ‘यांच्या विकासनिधीतून’ असे लिहिलेले असते तो निधी बसणाऱ्याच्याच कराचा. आपल्याच पैशाच्या बाकावर बसताना आपण दुसऱ्याच्या नावाला पाठ टेकतो.

१८६५ साली मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. दिव्याचा खांब येणाऱ्याजाणाऱ्याला वाट दिसावी म्हणून. पण त्याच्याखाली मुलांनी अभ्यास केला, कॅरमचे डाव रंगले, भाजीवालीने पाटी मांडली. रस्त्यावरचे चांगले सामान असे असते. नेमलेल्या कामाखेरीज आणखी चार कामे ते न विचारता होऊ देते. वाईट सामान नेमलेल्या कामापलीकडचे प्रत्येक काम अडवते.

‘सार्वजनिक’ म्हणजे कोण?

पण जुन्या पार-पाणपोईचे गोडवे गाताना महाराष्ट्रात तरी थबकायला हवे. पार सगळ्या गावाचा नव्हता. चावडीवर सगळे बसत नव्हते. हौदातले पाणी सगळ्यांचे नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला ही गोष्ट आपण समाजसुधारणेच्या इतिहासात वाचतो. ती शहररचनेच्या इतिहासातही शिकवली पाहिजे. ‘वस्तू आहे’ आणि ‘वस्तू वापरता येते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका कृतीने सांगितले.

४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा म्हणून ओळखला जाणारा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. मांडणारे होते सीताराम केशव बोले. सरकारी पैशातून बांधलेली वा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असा त्याचा आशय. महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून पुढच्या वर्षी चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात त्याचे पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला आणि त्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये.

त्या लढ्याची आणि आजच्या बाकांच्या प्रश्नाची बरोबरी मला करायची नाही. ती करणे त्या लढ्याचा अपमान होईल. पण ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ आपल्या प्रांतात कोणत्या किमतीला ठरला, हे विसरून रस्त्यावरच्या सामानाबद्दल बोलता येत नाही. ठराव आणि ओंजळ यांच्यामधले अंतर हा आपल्या सगळ्या सार्वजनिक वस्तूंचा खरा मापदंड आहे. आज धोरणे आहेत, मार्गदर्शक तत्त्वे आहेत, अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे. अंतरही आहे.

चार वस्तू

माझ्या आईच्या गुडघ्यांनी मला रस्ता वाचायला शिकवले. ती सत्तरी ओलांडलेली. घरापासून भाजी मंडईपर्यंतचे अंतर तिच्या लेखी मीटरमध्ये नसते, टेकायच्या जागांमध्ये असते. औषधांच्या दुकानाची पायरी, बँकेबाहेरची कुंडी, रिक्षा स्टँडवरचा बाक. यांतले एकही ठिकाण गेले तर तिची मंडई बंद होते. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीपुढची माणसे दहा कोटींहून अधिक होती. तिच्यासारख्यांच्या शहराचा नकाशा आपल्या नकाशापेक्षा लहान असतो, आणि तो बाकांनी मोठा करता येतो.

आधी बाकच घेऊ. आपल्या पदपथांवरचा नवा बाक बहुधा स्टेनलेस स्टीलचा असतो. छायाचित्रात तो छान दिसतो. मे महिन्यात दुपारी त्याला हात लावून पाहावा. सिमेंटचा जुना बाक कुरूप होता, पण सावलीत तो गार राही. स्टीलचे समर्थन ‘टिकते’ एवढेच असते. कोणासाठी टिकते हे कोणी विचारत नाही. दुसरी गोष्ट उंचीची. गुडघे दुखणाऱ्याला साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची बैठक हवी, टेकायला पाठ हवी आणि उठताना जोर द्यायला हात हवा. आपल्याकडे शोभेचे बुटके दगडी ठोकळे ‘बाक’ म्हणून मांडले जातात. तरुण मुले त्यावर बसून सेल्फी काढतात. आई त्याकडे पाहते आणि उभी राहते.

हाताची गंमत अशी की तोच हात दुसऱ्याला हाकलण्यासाठीही वापरला जातो. बाकाच्या मधोमध लोखंडी दांडा बसवला की कोणी आडवे होऊ शकत नाही. लंडनच्या कॅम्डेन भागात २०१२ साली एक काँक्रीटचा बाक आला. त्याला असे उतार दिलेले आहेत की त्यावर झोपणे जवळजवळ अशक्य. जगभर त्यावर टीका झाली. आपल्याकडे इतकी कलाकुसर लागत नाही. २०१८ साली मुंबईच्या फोर्ट भागात एका बँकेच्या शाखेने बाहेरच्या कट्ट्यावर टोकदार लोखंडी खिळे बसवले होते. लोकांनी आरडाओरडा केल्यावर ते काढले गेले. खिळे दिसतात म्हणून त्यांच्याविरुद्ध बोलता येते. दांडा सभ्य दिसतो. बाकाला हात जरूर असावेत, पण दोन्ही टोकांना. एवढ्या एका बदलाने म्हातारा उठू शकतो आणि दमलेला हमालही दहा मिनिटे पाठ टेकू शकतो.

दुसरी वस्तू बसथांबा. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मुंबईची पहिली मोटारबस धावली. तेव्हापासून थांब्याची कामे बदललेली नाहीत. ऊनपावसापासून आडोसा द्यावा, येणारी बस दुरून दिसू द्यावी, कोणती बस येते ते सांगावे. आता थांब्याला चौथे काम लागले आहे. जाहिरात दाखवण्याचे. याची सुरुवात १९६४ साली फ्रान्समधल्या लिऑन शहरात झाली. जाँ-क्लोद देको या उद्योजकाने नगरपालिकेला फुकट बसथांबे देऊ केले. मोबदल्यात थांब्यावर जाहिराती लावण्याचा हक्क घेतला. देखभालही त्याचीच. कल्पना वाईट नव्हती, जगभर पसरली. पण तिच्या पोटात एक अडचण आहे. थांब्याचे उत्पन्न बसची वाट पाहणाऱ्याकडून येत नाही, गाडीतून जाणाऱ्याच्या नजरेतून येते. मग फलक मोठा होतो आणि बाक अरुंद होतो. बस ज्या दिशेने येते त्याच बाजूला उजळलेला फलक उभा राहतो आणि लोक थांब्याच्या बाहेर, रस्त्यात उतरून बस शोधतात. बैठक म्हणजे दोन तिरक्या नळ्या. टेकता येते, बसता येत नाही. गजबजलेल्या चौकात चकचकीत थांबा असतो आणि शहराच्या टोकाला, जिथे अर्धा तास बस येत नाही, तिथे नुसता खांब. नेमके उलटे हवे होते.

जाहिरातीला रस्ता किती बहाल करायचा याचा हिशेब चुकला की काय होते ते १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला दिसले. वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर कोसळलेला तो फलक १२० फूट लांब आणि १२० फूट रुंद होता. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. सतरा माणसे मेली. तो थांबा नव्हता, बाकही नव्हता. पण रस्त्याकडे निव्वळ विकायची जागा म्हणून पाहण्याचे ते टोक होते.

तिसरी वस्तू बुटका खांब, निविदेच्या भाषेत बोलार्ड. पदपथावर दुचाकी चढू नये म्हणून तो रोवतात. इथे मला कोणावर टीका करणे अवघड जाते, कारण पेच खरा आहे. चाकाच्या खुर्चीला सहज जायला साधारण ९० सेंटिमीटर मोकळी जागा लागते. स्कूटरची रुंदी ७०-८० सेंटिमीटर. म्हणजे खुर्ची जाईल तिथून स्कूटर जाणारच. स्कूटर अडवली की खुर्ची अडली. खांबाला माणूस ओळखता येत नाही. जो प्रश्न वाहतूक पोलिसांनी आणि आपल्या सवयींनी सोडवायचा, तो आपण लोखंडावर सोपवला आणि त्याची शिक्षा अपंग माणसाला दिली. रस्त्यावरच्या सामानाच्या मर्यादा याहून स्पष्ट दाखवणारी वस्तू दुसरी नाही.

चौथी वस्तू पायाखालची आहे. पिवळ्या उंचवट्यांची फरशी. जपानच्या सेइची मियाके यांनी ती १९६५ साली तयार केली आणि १९६७ च्या मार्चमध्ये ओकायामा शहरात अंधांच्या शाळेजवळ ती प्रथम बसवली गेली. तिची एक लिपी आहे. लांबट रेघा म्हणजे ‘चालत राहा’, गोल ठिपके म्हणजे ‘थांबा, पुढे काहीतरी आहे’. आपल्या शहरांत ही फरशी आता सर्रास दिसते, पण लिपी म्हणून नाही, नक्षी म्हणून. रेघा सरळ विजेच्या डीपीवर जाऊन आदळतात. ठिपके वाटेत कुठेही, जिथे फरशी कमी पडली तिथे. बसवणाऱ्या मजुराला ती काय सांगते हे कोणी सांगितलेले नसते. चुकीची छापलेली पाटी डोळसांसाठी विनोद असतो. इथे त्याच चुकीचा अर्थ कपाळमोक्ष असा होतो.

बसणाऱ्यांचे भय

बाकांची मागणी करावी तर हमखास एक उत्तर मिळते: ‘बाक ठेवले की टवाळ पोरे बसतात, दारुडे झोपतात.’ अनेक सोसायट्या अर्ज करून बाक काढायला लावतात. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. रात्री साडेनऊला घरी परतताना वाटेतल्या कट्ट्यावर सात-आठ मुले दिसली की माझेही पाऊल भरभर पडते. पण उपाय कोणता?

विल्यम व्हाइट या अमेरिकी अभ्यासकाने न्यू यॉर्कच्या छोट्या चौकांचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले. १९८० साली त्याचे पुस्तक आले. त्याचा निष्कर्ष हसू येईल इतका साधा होता: जिथे बसायला जागा असते तिथे माणसे बसतात. दुसरा निष्कर्ष अधिक कामाचा. नकोशा माणसांच्या भीतीने जागा ओसाड केली की ती त्यांच्याच हाती जाते. बाकीच्यांना ती हवीशी केली तर भीती आपोआप पातळ होते. मुंबईबद्दल शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ च्या ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात यापुढचे पाऊल टाकले. बाईला शहरात असण्यासाठी कारण लागते, असे त्यांनी दाखवले. ती कामाला जाते, मुलाला आणते, भाजी घेते. कारणाशिवाय रस्त्यावर रेंगाळण्याचा अधिकार तिला नाही, आणि तोच तिने मागायला हवा. मला हे वाचताना जाणवले की मी स्वतः आयुष्यात एकदाही रस्त्यावरच्या बाकावर नुसती, काही न करता, फोनही न काढता बसलेली नाही. बसले तेव्हा कोणाची तरी वाट पाहत असल्याचा चेहरा केला.

बाई रस्त्यावर किती वेळ राहू शकते हे बाकाइतकेच स्वच्छतागृहावर ठरते. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ या नावाने चाललेल्या चळवळीने एक सरळ प्रश्न विचारला: पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला पैसे का? जिथे बाक आहे आणि जवळ स्वच्छतागृह नाही, तो बाक निम्म्या लोकसंख्येसाठी अर्ध्या तासाचाच.

शिवाय आपल्या रस्त्यांवर बसायची खरी सोय महापालिका करत नाही, टपरीवाला करतो. चहाच्या टपरीचा लाकडी बाकडा, चांभाराचे उलटे खोके, रिक्षा स्टँडवरचा माठ, मंडळाचा वार्ताफलक आणि त्याशेजारी पेपर वाचायला केलेला उतरता फळा. हे सामान कोणत्याही आराखड्यात नसते. अतिक्रमणाची गाडी आली की पहिले तेच उचलले जाते. २०१४ च्या फेरीवाला कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असावेत असे ठरवले. म्हणजे रस्ता कसा वापरायचा हे ठरवताना तिथे उभे राहून पोट भरणाऱ्याचे म्हणणे ऐकावे, हे तत्त्व कायद्याने मान्य केले. रस्त्यावरचे सामान ठरवताना तेच तत्त्व का नसावे? ज्या चौकात बाक ठेवायचा तिथल्या चहावाल्याला, फुलवालीला आणि रिक्षावाल्यांना सावली कुठे पडते हे कोणत्याही सल्लागारापेक्षा अधिक ठाऊक असते.

पुढे काय?

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्यावर एक उत्तर दिसते. महापालिकेने २०१६ साली पादचारी धोरण आणि रस्त्यांच्या रचनेची तत्त्वे स्वीकारली आणि त्यानंतर या रस्त्याचे पदपथ रुंद झाले, झाडांभोवती बैठका आल्या, मुलांसाठी खेळणीही आली. संध्याकाळी तिथे आजोबा, नाटकाला आलेली मंडळी, कॉलेजची मुले एकाच ओळीत बसलेली दिसतात. त्यावर टीका करणाऱ्यांत मी नाही. पण हा रस्ता मुळातच रुंद होता, आणि त्याचे यश दाखवून ‘झाले’ म्हणणे बरोबर नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पदपथांविषयीच्या मार्गदर्शिकेनुसार चालण्यासाठी किमान १.८ मीटर पट्टा पूर्ण मोकळा हवा. सामान त्याच्या बाहेर, गाड्यांच्या बाजूच्या पट्ट्यात. पेठांतल्या गल्लीत आणि नव्या उपनगरांच्या अर्धवट पदपथांवर हा १.८ मीटरच नाही. तिथे बाक ठेवला की चालणारा रस्त्यात उतरतो. म्हणून बाकाचा प्रश्न शेवटी गाड्यांच्या पार्किंगचा प्रश्न आहे. दोन मोटारींच्या जागेत बाक, झाड आणि पाणपोई मावते. हे सांगणारा अधिकारी लोकप्रिय होत नाही.

पुढच्या काळाची चित्रे रंगवताना ‘स्मार्ट खांब’ दाखवले जातात. दिवा, कॅमेरा, वायफाय, हवेचे मापन, पडदा, सगळे एका खांबात. माझा त्याला तत्त्वतः विरोध नाही. पण पीसीओचे पिवळे डबे आठवावेत. तंत्रज्ञान बदलले आणि दहा-पंधरा वर्षांत ते कोपऱ्यात गंजत उभे राहिले. जितकी हुशार वस्तू तितकी ती लवकर जुनी होते. पार जुना होत नाही.

भविष्याचा दबाव येणार आहे तो उन्हाचा. मे २०१० मधल्या उष्णतेच्या लाटेनंतर अहमदाबादने २०१३ साली उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला. २०२५ च्या उन्हाळ्यात तिथल्या लाल दरवाजा बसस्थानकात वाळ्याचे पडदे आणि पाण्याचे फवारे लावून थांबा गार ठेवण्याचा प्रयोग झाला. वाळ्याचा पडदा! विदर्भातल्या माणसाला यात नवे ते काय. पण मला त्यात दिशा दिसते. चंद्रपूरच्या थांब्याला रत्नागिरीच्या थांब्याहून वेगळे छप्पर हवे, एकाला सावली आणि दुसऱ्याला तिरक्या पावसाचा आडोसा. एकाच निविदेतून राज्यभर एकच स्टीलचा सांगाडा हे भविष्य नव्हे.

माझ्या मते तीन गोष्टी ठरवल्या तर पुरेसे आहे. पहिली, नवे सामान घेण्याआधी आहे त्याची दुरुस्ती, आणि प्रत्येक बाकावर, थांब्यावर नेत्याच्या नावाऐवजी दुरुस्तीसाठी कोणाला कळवायचे ते लिहावे. खरेदीचे उद्घाटन होते, दुरुस्तीचे होत नाही, म्हणून ती होत नाही. दुसरी, सामान गजबजाटानुसार न वाटता गरजेनुसार वाटावे: दवाखाना, मंडई, शाळा, शेवटचा बसथांबा. तिसरी, वस्तू मांडल्यावर महिनाभराने तिथे जाऊन पाहावे की तिच्यावर कोण बसते आणि कोण बसत नाही. न बसणाऱ्यांची यादी हीच त्या वस्तूची खरी समीक्षा.

आमच्या औषधवाल्याने गेल्या महिन्यात दुकानाला नवे शटर बसवले. ते करताना पायरी फोडून उतार केला. चाकाच्या खुर्चीसाठी ते उत्तमच झाले. पण आईची बसायची जागा गेली. मी त्याला बोलले तर तो ओशाळला आणि त्याने आतून प्लॅस्टिकची खुर्ची आणून बाहेर ठेवली. म्हणाला, “मावशींना सांगा, रोज काढून ठेवत जाईन.” तो ठेवतोही. आता आणखी तीन-चार आज्या तिथे थांबतात. रात्री तो ती खुर्ची आत घेतो, सकाळी पुन्हा बाहेर काढतो. तिला निविदा नाही, तिच्यावर नाव नाही. पण उद्या त्याने दुकान विकले तर आईची मंडई बंद होईल. माणसाच्या चांगुलपणावर चालते ते शेजारपण. ते गेल्यावरही जे उरायला हवे, ते शहराचे काम.